मागच्या पायरीवरचं घमेलं

धारा उरकल्या की मागच्या दाराच्या पायरीवर घमेलं आदळायचं आणि संयोगिताचा दिवस सुरू व्हायचा. घमेल्यात कधी रोटाव्हेटरचे गिअर असत, कधी मोटारीची बेरिंगं, कधी कडबाकुट्टीची दातेरी चाकं. सगळ्यांवर काळ्या ग्रीसचा बोटभर थर. घमेलं ठेवणारा तिचा दीर पृथ्वीराज आल्या पावली पुढे निघून जाई. पुढे म्हणजे घराच्या दर्शनी बाजूला, रहिमतपूरच्या रस्त्याकडे तोंड असलेल्या वर्कशॉपात. तिचे सासरे मानसिंग फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी हे वर्कशॉप टाकलं होतं.

पुढे गिऱ्हाइकं यायची, चहा व्हायचा, हसणं-खिदळणं चालायचं. मागे संयोगिता आणि डिझेल भरलेला अर्धा कापलेला ड्रम. ती एकेक भाग डिझेलात बुडवी, पात्याने खरवडी, ब्रशाने दात्यांच्या फटी घाशी. मग तो पांढऱ्या फडक्यावर फिरवून बघे. फडकं पांढरं राहिलं तर भाग धुतला गेला. ही रीत तिच्या नवऱ्याची, धैर्यशीलची. तो असताना दोघं पुढेच, शटरजवळ बसून धूत. तो डेंग्यूच्या तापाने गेला, आणि ड्रम मागच्या दारी आला. कोणी हलवला, कधी हलवला, तिला आठवत नव्हतं.

दिवसभर बोलायला कोणी नसे. म्हणून की काय, ती मळ वाचायला शिकली होती. नदीकाठच्या रानातलं यंत्र असलं की काळी, चिकट माती निघे. माण तालुक्याच्या अंगाचं असलं की पांढुरका मुरूम. एकदा एका गिअरच्या दात्यात कुठल्याशा लहान मुलीची केसाला लावायची पिन अडकून आली, लाल फुलाची. ती तिने धुऊन खिडकीत ठेवली होती. कधीमधी तिच्याकडे बघत ती हात पुशी. तेवढीच कुणाची सोबत.

तिला घरात कोणी छळत होतं असं नाही. हातात काचेच्या बांगड्या होत्या, ताट वेळेवर मिळे. दोन वर्षांपूर्वी वाडीच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, आणि पृथ्वीराजनेही हात वर केला होता. पंचायतीच्या भिंतीवर तो ठराव निळ्या अक्षरांत अजून आहे. फक्त कुणी नवा ट्रॅक्टर घेऊन आलं, इंजिन पहिल्यांदा चालू करायचं असलं, की आतून सासूबाईंचा आवाज येई, "संयोगिता, जरा दूध बघ गं." दूध उतू जात नसे. तिला ते कळे, आणि ती दूध बघायला जाई.

खंडेनवमीचं तसंच. पूर्वी हत्यारांना हळदकुंकू तीच वाही. बोटं कितीही घासली तरी नखांच्या कडेला काळी रेघ राही, त्याच बोटांनी ती पान्यांना, लोखंड पकडायच्या व्हाइसला कुंकू लावी. "कुंकवाला बी डिझेलचा वास मारतोय बघ," म्हणून धैर्यशील हसायचा. तो गेल्यावर पहिल्या वर्षी ती आपणहून आत बसली. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी, अंबूबाईंनी सांगितलं. तिसऱ्या वर्षी सांगावं लागलं नाही.

यंदा नवमीच्या तोंडावर पृथ्वीराजने साताऱ्याहून लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन आणलं. अनेक वर्षांचं काळं तेल आणि लोखंडाचा कीस त्यात दगडासारखा बसला होता. पूजेला भावकी बोलावली होती, मोठी गिऱ्हाइकं बोलावली होती. नारळ फोडून लेथ पहिल्यांदा फिरवायचं होतं. वैनी, चकाचक पायजे, एवढं सांगून पृथ्वीराजने सुटे भाग घमेल्यात आणून ठेवले. मशीनचं धूड मागे आणता येत नव्हतं, म्हणून दुपारी शटर खाली ओढून तिला पुढे बसवलं.

किती दिवसांनी ती पुढे बसली होती. बंद शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येई आणि रस्त्यावरच्या पायांच्या सावल्या तीवरून सरकत जात. तिला बरं वाटलं. दोन दुपारी तिने कोपरापर्यंत हात घालून ते मशीन खरवडलं. तेलाखालून कुठे कुठे मूळचा हिरवा रंग दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना अंबूबाई चहा घेऊन आल्या. सासूने आपल्या हाताने चहा आणला, तेव्हाच संयोगिताला काहीतरी वेगळं वाटलं.

"खंडाळ्याला भावाकडं जाऊन ये चार दिस," अंबूबाई म्हणाल्या. "दसरा झाला की ये."

"का वं, आत्या?"

"नवं मशीन हाय. चार मानसं येत्याल. मला काय वाटत न्हाई गं, पर लोकं मनात धरत्यात. उद्या धंद्यात कायबी कमीजास्त झालं तर तुझंच नाव घेत्याल. तुझ्याच भल्याचं सांगतीया."

संयोगिताने आपल्या हातांकडे पाहिलं. मग मशीनकडे.

"दोन दिस झालं, माझं हात ह्याच्या पोटात हायती. ते चालतंय व्हय?"

अंबूबाई रागावल्या नाहीत. समजूत घालावी तशा म्हणाल्या, "धुतलेलं कुणाला दिसत न्हाई, पोरी."

चहा निवत गेला. संयोगिताने ब्रश खाली ठेवला. लाकडाच्या भुश्शाने आणि साबणाने हात धुतले; घाईने नाही, एकेक बोट करून.

"मी कुठं जात न्हाई, आत्या. आन् आता धूत बी न्हाई."

पृथ्वीराज आधी ओरडला, मग ऐन टायमाला असं करू नका म्हणून विनवू लागला. तिने भाकरी थापताना मान वर केली नाही. त्याची बायको पूजा ड्रमापाशी बसली, पण डिझेलच्या वासाने तिला उमासे आले आणि दात्यांतलं तेल निघायच्या ऐवजी पसरलंच. शेवटी पृथ्वीराजने फडकं मारलं आणि वरून झेंडूच्या माळा सोडल्या. लांबून छान दिसत होतं.

नवमीला सकाळी माणसं जमली. संयोगिता स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. दाराच्या फटीतून तिला पूजाची पाठ आणि लेथची अर्धी बाजू दिसत होती. खुर्चीत बसलेले मानसिंग, उदबत्त्यांचा धूर, मोबाईल वर धरलेले दोन-तीन हात. पूजाने कुंकवाचं बोट लेथवर टेकवलं. कुंकू घसरलं. तिने पुन्हा लावलं. ते तेलात मिसळून त्याचा काळपट ओघळ झाला आणि खाली सरकला. तिसऱ्यांदाही तेच. मोबाईल एकेक करून खाली आले.

"अपशकुन म्हनायचा का काय," भावकीतल्या थोरल्या शालूबाई पुटपुटल्या.

जयराज म्हणून एक जुनं गिऱ्हाईक होतं, तोंडाचं सैल. तो हसला. "शकुन कसला, आत्ती? तेल हाय ते. काय रं पृथ्वीराज, तुझ्याकडनं पाना मागितला तरी आरशागत मिळतो. औंदा हत्यारांना आंगुळ घातली न्हाईस व्हय? धुनारं मानूस रुसलं काय?"

सगळे हसले. पृथ्वीराजही हसला.

"एक बाई लावली व्हती धुवायला," तो म्हणाला. "ती सुट्टीवर गेलीया."

दारामागे संयोगिताने ते ऐकलं. आत जा म्हटलेलं तिने सोसलं होतं. दूध बघ म्हटलेलंही. पण आता घरात ती होती की नव्हती, हाच प्रश्न उरला होता. अजून क्षणभर दारामागे राहिली तर पृथ्वीराजचं म्हणणं खरं होणार होतं.

ती बाहेर आली. हातात पांढरं फडकं होतं. ते तिने कधी उचललं, तिचं तिला कळलं नाही.

"सुट्टी न्हाई, भावजी. मी हितंच हाय."

जयराजचं हसू तोंडावरच राहिलं. "वैनी, आवं तुमी धुता हे सगळं?" त्याने हळू विचारलं. तिने मान हलवली.

मानसिंग खुर्चीतून उठले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, चाचपडत त्यांनी पूजाच्या ताटातला करंडा घेतला आणि सुनेपुढे धरला. म्हातारा काही बोलेल, असं सगळ्यांना वाटलं. ते एवढंच म्हणाले, "आधी पुसून घे. मग लाव."

तिने अंबूबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. हो नाही, ना नाही. संयोगिताने कोपऱ्यातल्या डब्यातल्या डिझेलचा हात फिरवून लेथवरची तळहाताएवढी जागा स्वच्छ केली, कोरड्या फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. फडकं पांढरं राहिलं. मग बोटावर कुंकू घेऊन टेकवलं. ते बसलं.

शालूबाई उठल्या आणि प्रसाद न घेता निघाल्या. त्यांच्यामागून आणखी दोघीजणी गेल्या. पृथ्वीराजने बटण दाबलं. लेथ एकदा कुरकुरलं आणि फिरू लागलं, कुठलंही यंत्र फिरतं तसं. माणसं पांगली. ताटात खोबऱ्याचे बरेच तुकडे उरले. ते कोणी न्यायला आलं नाही. त्या दिवशीही संयोगिता नेहमीसारखी शेवटी, एकटी जेवली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर घमेलं आदळलं. ती पायरीवर उभी राहून त्याकडे बघत राहिली. मग वाकून उचललं आणि घराला वळसा घालून पुढे नेलं. परत येऊन ड्रम ओढत नेला. शटरपाशी, धैर्यशीलच्या वेळच्या जागी, ती बसली.

पृथ्वीराज गडबडला. "वैनी, हितं रस्त्यावर... बरं दिसत न्हाई."

"दिसू दे, भावजी."

दिवसभर रस्ता वाहत होता. उसाच्या मळ्याकडे जाणाऱ्या बाया तिला बघून बोलायच्या थांबल्या आणि पुढे जाऊन कुजबुजल्या. शालूबाई पलीकडच्या कडेने गेल्या. जयराज गाडीवरून जाताना वेग कमी करून थांबल्यासारखा झाला आणि निघून गेला. तिच्याशी कोणी बोललं नाही. मागच्या दारी खिडकीतली लाल पिन तरी होती. इथे तीही नव्हती. धीर केला की माणसं भोवती जमतात असं आपण समजतो. बहुतेक वेळा तसं होत नाही.

दुपारी अंबूबाई चहाचा कप घेऊन शटरपर्यंत आल्या. त्यांनी रस्त्याच्या वरच्या अंगाला पाहिलं, खालच्या अंगाला पाहिलं. कोण बघतंय, हे त्या बघत होत्या. आणि बघणारे म्हणजे दुसरे कोणी नव्हेत, त्या रस्त्याने जाणारे तुम्ही-आम्हीच. त्यांनी कप सुनेजवळ ठेवला. लगेच आत वळल्या नाहीत. पदर सावरून तिथेच उभ्या राहिल्या. शेजारी एक पालथं घमेलं होतं, बसण्याजोगं. अजून त्या बसल्या नव्हत्या.