हळदीआधीचं बोट

घरात आलेल्या वस्तूनं आपण कुणाच्या कामाची ते पहिल्याच दिवशी सांगावं, नाही सांगितलं तर ती तानुबाईंच्या ताब्यात, असा वालूरच्या त्या घरातला कारभार होता. त्यामुळे लग्न आठवड्यावर आलेल्या भाचीच्या उशाखाली काचेची डबी सापडली आणि झाकणावर पंजासारखं हिरवं पान दिसलं, तेव्हा तानुबाईंनी ती सरळ पदराखाली घेतली.

"महारुद्रा, तुझी लेक तोंडाला गांजा लावायलीय."

महारुद्रांचं खता-बियाण्यांचं दुकान. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. चष्मा लावून त्यांनी डबी फिरवली. "सीबीडी लिवलंय, अक्का. भांगेच्या झाडातून काढत्यात. पण नशा न्हाई त्याला."

"झाड त्येच हाय ना?"

"झाड त्येच."

"मग झालं." डबी ज्वारीच्या कोठीत गेली.

भक्तीचं दुखणं आत्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण पटत नव्हतं. हिला हळद सोसायची नाही. भाजीतली चालायची, अंगावरची नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नात करवली म्हणून कुणीतरी हौसेनं गालाला हळद फासली, आणि अल्बमभर भक्ती टम्म फुगलेल्या पुरीसारखी. तेव्हापासून गाल जरा कशानंही पेटायचे. पुण्याला नोकरीला असलेल्या मैत्रिणीनं, राजेश्रीनं, ही क्रीम पाठवली. भक्तीनं आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिली, मग गालाला. आग निवली. क्रीमनं निवली, की रोज सकाळी स्वतःच्याच गालावरून निवांत हात फिरवल्यानं, हे सांगणं अवघड. नफा कुणाच्या नावावर टाकायचा ते तिनं ठरवलं नव्हतं.

धास्ती होती ती उष्ट्या हळदीची. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची. ती नको म्हणणं म्हणजे नवराच नको म्हटल्यासारखं. आणि ती घेऊन राणीसावरगावहून खुद्द सासू येणार होती.

तिनं होणाऱ्या नवऱ्याला, नागेशला, फोनवर सांगून टाकलं होतं. "मला हळद सोसत न्हाई ओ. तुमची बी." मग क्रीमचंही सांगितलं.

नागेश म्हणाला, "बघतो."

एवढंच. बघतो म्हणणारे पुरुष दोन प्रकारचे. एक विसरणारे, दुसरे खरोखर बघणारे. याला कुठल्या रकान्यात मांडावा, ते भक्तीला उमगेना.

"आत्या, डबी दे की गं," ती मागे लागली.

"लगीन होऊ दे. मग नवऱ्याला इचार आन् फास काय फासायचं ते."

हळदीच्या दिवशी जीप आली. सासू पंचफुलाबाई उतरल्या त्या घुश्शातच. राणीसावरगावपासून जपून आणलेला राग चेहऱ्यावर जसाच्या तसा होता. भक्ती पाटावर बसली. बायकांनी गाणं धरलं. रीत मोडून सासूला पहिल्याच दिवशी दुखवायचं, की उद्या सुजल्या तोंडानं बोहल्यावर उभं राहायचं? तिनं मनाशी तोललं, डोळे मिटले आणि गाल पुढं केला.

पंचफुलाबाईंनी ताटावरचा रुमाल काढला. हळदीच्या वाटीशेजारी काचेची डबी होती. झाकणावर तेच पान.

तानुबाई चमकल्या. "आगं बया! कोठीतून भाईर कशी आली ही?"

"तुमची न्हवं, आमची हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आमच्या नागेशनं मागवली. सकाळी पाटावर बसला आन् म्हणला, हळदीच्या आधी हे लावा मला. मी लय बोलले. बाया हसायल्या, तरी गडी हलंना. म्हणला, उष्टं म्हणून तिकडं हेच जाईल. तिचा गाल पेटत असंल तर ती हळद माझ्या काय कामाची?"

भक्तीनं डोळे उघडले. डबीतल्या पांढऱ्या क्रीममध्ये एका बोटाची खोलगट वाट उमटलेली होती. पंचफुलाबाईंनी त्याच वाटेवरून आपलं बोट फिरवलं आणि सुनेच्या दोन्ही गालांना लावलं, तापलेल्या लेकराला चाचपावं तसं, हळूच. राग कुठं उतरला, ते त्यांनाही कळलं नसावं.

"झोंबायलंय का गं?"

"न्हाई, आई."

"मग रडायलीस कशाला?"

"उगंच."

हळदीचं बोट त्यांनी भक्तीच्या पदराच्या टोकाला टेकवलं. "रीतीला एवढं पुरं."

फोटोवाला कुरकुरला, "ताई, हळद दिसंना फोटोत."

"तुला दिसंना म्हणून पोरीला भाजू का?" पंचफुलाबाईंनी सुनावलं.

तानुबाई उठून आत गेल्या. परतल्या तेव्हा कोपरापर्यंत ज्वारीची धूळ आणि हातात जप्त डबी. ती त्यांनी विहिणीपुढं धरली. "ही घिऊन जावा, इहीणबाई. नवरीचं उष्टं म्हणून जावयाला लावा. आमी कुणाचं उसनं ठिवत न्हाई."

पंचफुलाबाईंनी झाकण फिरवलं. डबी निम्मी रिकामी.

भक्तीनं आधी डबीकडं पाहिलं, मग आत्याच्या पायांकडं. वर्षानुवर्षं भेगाळलेल्या टाचा तेल चोपडल्यासारख्या चमकत होत्या.

"आत्या!"

"काय आत्या?" तानुबाईंनी लुगड्याचा काठ खाली ओढला. "महारुद्र म्हणला, नशा न्हाई. त्येच्या भरवशावर लावू देऊ का तुला? आधी खात्री नको करायला?"