डावा खांदा

"आक्का, तू पाय दे नि मोकळी हो. मला गाडीकडं जायचाय," सुहास ओटीवर पालथा पडून म्हणाला.

"गप पड रे. आधी तुला नीट बघू दे," सरिता म्हणाली आणि टॉर्च शोधायला आत गेली.

तासाभरापूर्वी घाट उतरल्यावरच्या वळणावर सुहासची इको व्हॅन आंब्याच्या झाडावर आदळली होती. भोरला प्रवासी सोडून तो एकटाच परतत होता. समोर म्हैस आली, तिला वाचवायला गेला आणि झाड मिळालं. म्हशीला ओरखडासुद्धा नाही. स्टिअरिंगचा दणका बसला तो सुहासच्या डाव्या बरगड्यांवर, पण रक्ताचा थेंब कुठे दिसत नव्हता. गावातल्या श्रीपतने त्याला मोटारसायकलवर घातलं आणि वरंधला थोरल्या बहिणीच्या दारात आणून सोडलं. दवाखान्याचं नाव काढलं तर सुहास त्याच्यावरच उखडला होता. "हात-पाय धड हायत माजे. डाक्टर काय बघनार, तोंड?"

सरिता गावची आशा सेविका, सोळा वर्षं झाली. गोळ्या, लसी, बाळंतपणं, सगळं तिच्याकडे. पण गावाला तिच्या डोक्यापेक्षा तिच्या पायाचं कौतुक जास्त. ती पायाळू होती, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, हे वरंधात कोणाला शिकवावं लागत नाही. लसीकरणाला बोलवायला गेली की दार न उघडणाऱ्या बायका पाठ धरली की दिवस उजाडायच्या आत तिच्या ओटीवर हजर. सरिताचा स्वतःचा विश्वास होता का? विचारलं असतं तर ती हसली असती. पण माणूस "हायसं वाटलं गो" म्हणत उठला की तिला मनापासून बरं वाटायचं. सरकारने दिलेल्या साडीत तिला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

तिने भावाला नीट तपासलं, हे मात्र कबूल करायला हवं. महाडच्या प्रशिक्षणात अपघातावर एक दिवस होता आणि तिने वही भरून घेतली होती. डोळ्यांत टॉर्च मारला, दोन्ही बाहुल्या सारख्या. कानातून, नाकातून पाणी नाही की रक्त नाही. उलटी नाही. झापड नाही. मान हलतेय. बोटांना मुंग्या नाहीत. आज वार कोणता, तर "मंगळवार, नि तू माजी आक्का, नि तुला जेवान कराय येत नाय," असं उत्तर आलं.

"मग दुकतंय तरी काय?"

"ह्यो डावा खांदा. आडवा झालो का जास्त दुकतो."

तिने खांदा चाचपला. सूज नाही, हात वर जातोय, दाबलं तरी दुखत नाही. सगळं तपासून झालं होतं, आता उसणीशिवाय दुसरं काय असणार! तिने पदर खोचला, भिंतीला हात टेकला आणि त्याच्या खांद्यावर तीनदा हलकेच पाय दिला.

"बरा वाटला," तो उठून बसत म्हणाला. दीड वाजून गेला होता.

"अनुपमाला फोन लावू का?"

"नको. ती कामात हाय, उगाच घाबरंल. सांच्याला मीच सांगतो."

सुहासची बायको महाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती. ड्युटीवर फोन गेटजवळच्या कपाटात ठेवावा लागे, तेव्हा लावूनही उपयोग नव्हता. सरिताने ताट वाढलं. दोन घास खाऊन सुहास म्हणाला, पोट भरलं. चहा मागितला, तो अर्धाच घेतला. मग पाणी. पुन्हा पाणी. मे महिना, पत्रा तापलेला, त्यात दणका खाल्लेला माणूस. उन्हाने होतंय असं समजून तिने लिंबू सरबत केलं. तो भिंतीला टेकून बसला होता, जांभया देत होता आणि म्हशीची गोष्ट सांगत होता. ती म्हणे गाडी आदळल्यावर जवळ येऊन काचेतून आत बघून गेली. सरिता पोट धरून हसली. त्याच्या कपाळावरचा घाम तिने पदराने पुसला तेव्हा तो गार लागला. तेवढ्यावरून ती उठली असती तर! पण तिने पंखा वाढवला.

साडेतीनला तो मोरीकडे जायला उठला आणि दोन पावलांवर खाली बसला. तोंड पांढरंफटक. तिने नाडी धरली, ती मोजता येईना. पोटाला हात लावला तर पोट पाटासारखं कडक. तेव्हा कळलं तिला. १०८ला फोन, श्रीपतला हाका, गाडी येईपर्यंत पाऊण तास, मग बिरवाडीवरून महाड. सुहास वाटेत फक्त "पाणी दे गो" म्हणत राहिला आणि ते देऊ नका म्हणून गाडीतल्या डॉक्टरने सांगितलं होतं. ऑपरेशनची तयारी चालू असताना पावणेसहाला तो गेला.

रात्रपाळीचे डॉक्टर यायच्या आत, दिवसाच्या डॉक्टरांना सरिताने जिन्यात गाठलं. तिला एकच विचारायचं होतं.

"साहेब, मी त्याच्या खांद्यावर पाय दिला. त्यानं झालं काय?"

डॉक्टरांना आधी कळेना. कळल्यावर ते थकल्या आवाजात म्हणाले, "नाही हो ताई. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा धडकेतच फाटली होती. रक्त हळूहळू पोटात साचत गेलं. तिथलं दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं, नस एकच असते."

"मग लगेच आणला असता तर?"

"दोन तास मोठे असतात," ते म्हणाले आणि खाली उतरले.

जिन्यात उभ्या उभ्या तिला प्रशिक्षणाचा तो दिवस आठवला. मॅडमनी सांगितलं होतं. अगदी हेच सांगितलं होतं, पोटाला मार लागल्यावर डावा खांदा दुखतो म्हणाला तर एक क्षण थांबू नका. आणि मागच्या बाकावरून सरिताच म्हणाली होती, "मॅडम, पोटातला खांद्यात चढला तर आमी पाय देऊन परत खाली धाडू." सगळ्या आशाताई खदाखदा हसल्या होत्या, मॅडमसुद्धा. त्या हसण्यात ते वहीत लिहायचं राहून गेलं.

अकराव्या दिवशी दासगावला सुहासच्या घरी माणसं भेटायला येत होती. येसूबाई आत्या सरिताचा हात धरून म्हणाली, "तू व्हतीस म्हनून गो. निदान तुजा पाय तरी लागला त्याला." बाकीच्यांनी माना हलवल्या. सरिताला वाटलं, कोणीतरी उठून आपल्या थोबाडीत मारावी. कोणी मारेना. उलट अनुपमाने तिच्यासाठी गादी घातली.

दुपारी माणसं पांगली तेव्हा सरिता स्वयंपाकघरात गेली. अनुपमा ओट्याला टेकून उभी होती. सरिताने सगळं सांगून टाकलं, खांदा, न लावलेला फोन, वही, मागच्या बाकावरचं बोलणं, दोन तास. स्वतःची बाजू कुठे सावरली नाही.

अनुपमाने विचारलं, "मला फोन करू नको म्हणाले ते?"

"हो. सांच्याला मीच सांगतो म्हनला."

"मी तेव्हा डबा खाऊन हात धूत असेन." ती खिडकीबाहेर बघत होती. "आक्का, तुम्हाला माफ करणं मला जमेल असं वाटत नाही. पुढे कधी जमलं तर जमलं."

"नको करू," सरिता म्हणाली. ती खरंच तसं म्हणत होती.

"पण ते दोन तास तुमच्याकडे आहेत. माझ्याकडे काहीच नाही. सकाळी मी निघाले तेव्हा ते झोपलेले होते." अनुपमा खाली जमिनीवर बसली. "काय काय बोलले ते सांगा. सगळं."

सरिता तिच्यासमोर बसली आणि सांगू लागली. वार विचारल्यावर दिलेलं उत्तर. दोन घास. चहा.

"कपात की पेल्यात?"

"पेल्यात. कप नको म्हनला."

"कपाच्या कानात बोट अडकतं त्यांचं," अनुपमा म्हणाली.

मग सरबत, मग म्हैस. म्हैस काचेतून आत बघून गेली इथे अनुपमाला हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही. सरिता सांगत गेली, एकेक शब्द आठवून, जेवढं होतं तेवढं. शेवटी म्हणाली, "मग साडेतीन वाजले. मोरीकडं जायला उठला नि..."

अनुपमाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "आल्यापासून. उठेपर्यंतच सांगा."