थंडी उतरणार

हवामान कचेरीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाऊस तिला विचारून पडत नसला, तरी साहेब तिला विचारल्याशिवाय छत्री उचलत नसत. हिवाळ्याचा अंदाज तर तिच्या डाव्या हातचा मळ. त्या सकाळी तिने नकाशे पाहिले, पुढचे दोन आठवडे नीट जोखले आणि रेडिओसाठी खणखणीत वाक्य लिहिलं, "आज संध्याकाळपासून थंडी उतरणार." डोंगरावरून खाली येणाऱ्या थंडीला याहून नेमका शब्द कुठला असणार? स्वतःवरच खूश होऊन तिने चहा मागवला.

दुपारी आईचा फोन आला. आईची रोपवाटिका होती, आणि यंदाचा सगळा हंगाम टोमॅटोच्या कोवळ्या रोपांवर उभा होता. लेकीचा अंदाज ऐकल्याशिवाय ती वाफ्याला हात लावत नसे.

"सुटले बाई एकदाची," आई म्हणाली. "थंडी उतरणार म्हणालीस, तशी रोपांवरची सगळी पोती काढली आणि धुवून वाळत घातली."

ती ताडकन उठली. "अगं आई, उतरणार म्हणजे खाली येणार. पहाटे दव गोठेल. रोपं जातील."

"मग तसं सांगायचं की. लहानपणी तुझा ताप उतरायचा, तेव्हा काय वाढायचा?"

रोपं झाकायला घे, एवढं सांगून तिने फोन ठेवला. ती तडक साहेबांकडे गेली.

"शब्द काही चूक नाही," साहेब म्हणाले. "गेलेली बातमी आपणच बदलली, तर हसं होईल आपलं."

"होऊ दे. अंदाज बरोबरच आहे, साहेब. थंडी येणार म्हणजे येणार. पण माझ्या सख्ख्या आईने उलटा अर्थ घेतला, तर बाकीच्यांनी काय घेतला असेल?"

तिचा सूर ऐकून साहेबांनी नव्या बातमीवर सही केली. तासाभरात रेडिओ सांगू लागला, "आज रात्री थंडी वाढणार. दोन आठवडे कमी होणार नाही. रोपं झाका, गुरं आत घ्या."

संध्याकाळी ती रोपवाटिकेत पोहोचली तेव्हा पोती ओलीचिंबच होती. आईने चादरी, पडदे, टेबलावरचं कापड, हाताला लागेल ते वाफ्यांवर पसरलं होतं. शेवटी ट्रंकेतली ठेवणीतली शालही निघाली. तरी एक वाफा उघडाच राहिला. लेकीने अंगातला कोट काढला, मग स्वेटर काढला.

"वेड लागलंय का? कुडकुडशील."

"मी एक रात्र काढेन. यांना नाही निघायची."

सकाळी कुंपणाच्या तारेवर गोठल्या दवाची पांढरी साय धरली होती. आईने शाल उचलली, पडदे उचलले, शेवटी कोट उचलला. रोपं ताठ उभी होती. आईला रडूच फुटलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

लेक मात्र दारात शिंकत उभी होती. आईने डोळे पुसले आणि तिच्या कपाळाला हात लावला.

"तापलीस."

"उतरेल गं."

"उतरेलच," आई म्हणाली. "आणि मी उतरेल म्हणते ना, तेव्हा तो कमीच होतो."