खुणेचा माड

माडाच्या बुंध्याला कान लावला तेव्हा यतीनला आतून कुरकुर ऐकू आली. भोकांतून तांबूस चीक गळत होता. माड साफ करायला बोलावलेला जितेंद्र वर चढून शेंडा बघून आला आणि त्याने मान हलवली.

"कोंब कुजलो. भुंग्यान पोखरल्यान. ह्यो ठेवलास तर बाजूचे दोनय माड जातले. त्यांची सुकी झावळां काढून औषध घालूया, पण ह्यो कापूकच व्हयो."

यतीनची आई गंगू पायरीवर मासे कापत होती. तिने विळी बाजूला सारली.

खाडीत शिरणाऱ्या होड्यांची हा माड म्हणजे खूण. मागच्या डोंगराच्या टोकाशी तो जुळला की वाळूच्या दांड्यातली वाट सापडायची. लग्न होऊन पलीकडच्या गावातून गंगू आली, तेव्हा होडीत तिला मळमळत होतं. तिचा नवरा भिकाजी म्हणाला होता, "तो उंच माड दिसता मां? त्याच्यार नजर ठेव. थंयच आपला घर."

"कापा," गंगू म्हणाली. "पण आधी माका तो एकदा दर्यातसून बघूचो आसा."

आईचा चेहरा पाहून यतीनने होडी काढली. भिकाजीबरोबर जन्मभर मासेमारी केलेला बाळाही न विचारता येऊन बसला.

पाण्यातून किनारा ओळखू येईना. पर्यटकांसाठी बांधलेल्या घरांची रंगीत छपरं सगळीकडे. मग तिला तो दिसला. हिरव्या माडांत एकटाच तपकिरी, झावळ्या खाली लोंबलेला. तिचे डोळे भरून आले.

बाळा हळूच म्हणाला, "वैनी, तू नवरी होवन इलंस त्या दिवशी आमची होडी वाळूत रुतली, आठावता?"

"आठावता तर. ओहोटी लागली होती."

"कसली ओहोटी! सुकाणू भिकाजीच्या हातात, नि नजर तुझ्यार. माडाकडे बघल्यानच नाय. माका म्हणालो, कोणाक सांगा नको."

गंगू तोंडावर पदर धरून इतकी हसली की होडी डुलायला लागली.

दुपारी माड उतरवला. शेंडा दोरीने खाली सोडला, मग खोडाचे तुकडे. पोखरलेला भाग अळ्यांसकट जाळला. शेजारचे दोन्ही माड सुक्या झावळ्या उतरवल्यावर हलके दिसत होते.

"आये, थंय नवीन रोप लावूया?" यतीनने विचारलं.

"लावूया मगे. इतकी वर्सां थंय त्याची सावलीच होती, जरा उजेड येवंदे," ती म्हणाली. धूर डोळ्यांत जात होता, तरी ती तिथून उठली नाही.