अराबाची दुपार

मी बोलतोय, केप कोस्टच्या क्वानसांच्या घरातला, टीव्हीशेजारच्या कपाटावर पडून असलेला जुना लॅपटॉप. माझा पडदा फुटलाय, दोन बटणं गळलीत. शाळेच्या ऑफिसातून भंगारातच जायचो, पण तिथल्या एकुआबाईंनी मला उचलून घरी आणलं.

घरातले सगळे सिनेमे, गाणी, बारशाचे व्हिडिओ एकुआने माझ्या पोटात भरले आणि मला टीव्हीला जोडलं. पण माझं पोट ते केवढं! तिच्या भावाच्या, जोजोच्या, फुटबॉलनेच निम्मं भरलं.

"जोजो, हा सामना आपण हरलोय. त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि तुझ्या रडक्या मालिका, ताई? आधी त्या काढ!"

एका गोष्टीवर मात्र कधी भांडण झालं नाही. त्यांची आई अराबा दवाखान्यात गेली, त्याच्या आदल्या दुपारी जोजोने तिला फोनवर टिपलं होतं. अंगणात बसून ती केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे केळीच्या पानांत बांधतेय आणि नवऱ्याला, एबोला, मनसोक्त झापतेय. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून जोजोने ते माझ्याकडे ठेवलं आणि फोनवरून काढून टाकलं. अराबा परत आली नाही.

"ती जाऊन वर्ष होईल त्या दिवशी सगळे पांढरं नेसून एकत्र बसू, तेव्हाच लावायचं," एबोने सांगितलं. "तोवर कोणी हात लावायचा नाही."

रोज जेवण झालं की एबो रिमोट घेऊन टीव्हीवरच्या यादीत त्या व्हिडिओच्या, अराबाच्या चित्रापाशी येऊन थांबायचा. लावायचा नाही. "थोडेच महिने राहिलेत गं," असं काहीतरी पुटपुटत नुसता बघत बसायचा. मला त्याची सवय झाली होती.

पुढे मी गच्च भरलो, अडखळायला लागलो. रोजच्या कटकटीला वैतागून एकुआने मला नियम घालून दिला. नव्वद दिवसांत जे कोणी लावणार नाही, ते आपोआप पुसून टाकायचं.

"मिटलं भांडण! आता ज्याचं त्याने बघावं."

आईची दुपारही त्यातच आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही. लावलेलं मोजायचं, एवढंच मला ठाऊक. एबोचं रोजचं बघत बसणं मी कधी मोजलंच नाही.

एक्क्याण्णवाव्या दिवशी मी ती दुपार पुसली.

त्या दिवशी एबो आला, तर चित्राच्या जागी जोजोचा तो हरलेला सामना. तो यादीत वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग रिमोटच्या बटणावरच्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"माझाच हात लागला गं अराबा," तो म्हणाला. "आता पोरांना काय तोंड दाखवू?"

तेव्हापासून त्याने रिमोट हातात घेतलेला नाही. पाणी वाढतानाही तो अंगठा मुठीत दाबून धरतो.

येत्या शनिवारी वर्षाचा दिवस. पांढऱ्या कपड्यांना इस्त्री झालीय. ताकोराडीहून अराबाची बहीण निघालीय.

"पापा, एकदा लावून बघू का?" एकुआने आज विचारलं. "आवाज नीट येतोय ना?"

"नको. ठरलंय ना शनिवारी?" एबो म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

मला फार वाईट वाटतं, पण बोलायला माझ्याकडे तोंड नाही. शनिवारच्या आत तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर एबोला एवढंच सांगा. तुझा हात लागला नव्हता म्हणावं. मी पुसलं.