बाबांचे जास्तीचे साडेसात तास

मशीनवरून बॉबिन घरंगळली आणि निजलेल्या घरात टक्‌टक् करत थेट पलंगाखाली गेली. ती काढायला आई वाकली, तर कापडाच्या ढिगात दडलेला फोन हाताला लागला. लेकीची झोप मोडू नये म्हणून रात्री त्याचा आवाज बंद केला होता. नवऱ्याचा निरोप पहाटे चारचा. एकच शब्द, ‘बसलो.’

तिला तिकीट तोंडपाठ होतं. दुपारी बाराला सुटणार, संध्याकाळी साडेसहाला उतरणार, म्हणजे साडेसहा तास. आणि आता सात वाजलेले. दुपारचं विमान पहाटेच कसं सुटलं, हे विचारायला डोकं ठिकाणावर कुठे होतं? तीन वर्षांनी माणूस तीन-चार तासांत दारात येणार, आणि त्यानेच पाठवलेल्या कापडाचा लेकीचा फ्रॉक अजून बिनबाह्यांचा!

तिने मशीन अशी पळवली की लेक उठून बसली. एका हाताने तिची वेणी, दुसऱ्या हाताने दिराला फोन, असशील तसा ये म्हणून. दीर टॅक्सी चालवायचा, रोज विमानतळावरच असायचा. आला तो तोंडात ब्रश घेऊनच. सगळं ऐकलं आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

“वहिनी, दादाने विमान पळवून आणलंय की काय?”

मग त्याने पुतणीचा चेंडू घेतला, रिळाचा दोरा त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला आणि दोघींना समजावलं. बारा हजार किलोमीटर, चौदा तास. सुटायची वेळ तिथल्या, पार पूर्वेकडच्या घड्याळाची, उतरायची इथल्या घड्याळाची. विमान सूर्याच्या मागे मागे पळत येतंय, म्हणून दादाची दुपार संपता संपत नाही. त्याच्या आजच्या दिवसाला साडेसात तास जास्तीचे. सुट्टी संपून परत जाताना मात्र ते कापून घेतात.

“तेव्हा दिवसभर आहे तुझ्याकडे. आधी ती बाही सुलटी लाव,” तो म्हणाला.

आईने पाहिलं. डावी बाही खरंच उलटी जोडली होती. तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. टाके उसवतानाही ती गुणगुणत होती. दिवसभर! केस धुवायला, फ्रॉकला इस्त्री करायला, त्याची उशी उन्हात टाकायला.

लेक मात्र अजून चेंडूवरचा दोरा बोटाने चाचपत होती.

“काका, जाताना ते साडेसात तास परत घेतात?”

“घेतात तर.”

ती आईजवळ सरकली, हातातली बाही धरून राहिली.

“आई, मग बाबा परत गेलेच नाहीत, तर ते तास आपल्याकडेच राहतील ना?”