बिनखरखरीची आकाशवाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना खुर्ची मिळाली ते मांडीवर रेडिओ घेऊन बसले होते, उरलेले रेडिओ उराशी धरून भिंतीला टेकले होते. सगळे रेडिओ एकाच एफएम केंद्रावर लावलेले आणि सगळ्यांतून एकच गाणं वाजत होतं. मंचावर लहरीबाबा डोळे मिटून बसले होते. नाव त्यांना शोभत होतं, कारण कधी कोणाला जवळ करतील आणि कधी कोणाला हाकलतील याचा नेम नसे.

बाबांनी हात वर केला आणि सगळ्या रेडिओंतलं गाणं कात्रीने कापावं तसं तुटलं. मग त्याच रेडिओंतून धीरगंभीर आवाज आला. बाबांचे ओठ मात्र मिटलेलेच होते.

"बाळांनो, मी लहरीतून बोलतोय. माझा आवाज त्रैलोक्यात भरला आहे. गोळ्या सोडा, लहर धरा. ज्यानं लहर धरली त्याला रक्तदाब नाही, मधुमेह नाही, जावयाचासुद्धा त्रास नाही. तिसऱ्या रांगेतल्या कात्रीवाल्या माणसा, तुझं हृदय आता मी सांभाळतो."

तिसऱ्या रांगेतला कात्रीवाला म्हणजे शिंपीणकाकूंचा नवरा. दुकानात कापड बेतायचं काम त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी हात जोडले आणि शेजारी बसलेल्या काकूंनी ते खाली ओढले. मास्तरांना हृदयाच्या दुखण्यातून डॉक्टरांनी जेमतेम वाचवलं होतं, आणि गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत असं बजावलं होतं. हा माणूस बाबांच्या नादाने त्या सोडून बसला होता. नवरा कात्रीवाला आहे हे बाबांना कसं कळलं, याचं काकूंना नवल नव्हतं. दारातला गोडबोल्या स्वयंसेवक येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटात शिरून सगळं काढून घेत होता. पण गाणं कसं थांबतं हे काही त्यांना सांगता येईना, आणि तिथेच त्या हरत होत्या.

"खरखर होती का?" दुकानात परतल्यावर मास्तरांनी विचारलं. दुकान सभागृहाला लागूनच होतं. फळीवर मास्तरांच्या वडिलांचा जुना मीडियम वेव्हचा रेडिओ होता. काकूंच्या मशीनची मोटार फिरली की तो खर्रर्र करी. जगातल्या सगळ्या बातम्या मास्तरांनी त्या खरखरीतूनच ऐकल्या होत्या. "माणसाचा आवाज म्हटला की खरखर आलीच. बाबांचा आवाज इथं नव्या रेडिओवर येतो, मशीन चालू असली तरी कसा स्वच्छ. तो या पृथ्वीवरचा नाहीच."

"घरात एक बाबा होते, तेही दुसऱ्या बाबांच्या नादी लागले," सूनबाई म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने नवा रेडिओ लावला आणि सासूला मशीन चालवायला सांगितलं. मशीन घरघरत होती आणि रेडिओवर केसतेलाची जाहिरात स्वच्छ ऐकू येत होती.

"बाबा, हा तेलवालाही सिद्धपुरुष म्हणायचा का?"

मास्तरांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे.

"आई, वेड्यावाकड्या टाक्याची एक ओळ घाला," सूनबाई म्हणाली. "टाका मधेच रुंद करा, मधेच अरुंद. हे जुन्या रेडिओचं तंत्र, एएम. लहर किती मोठी, किती लहान, यात आवाज भरलेला. मोटारीची ठिणगी पडली की लहरीची उंचीच बिघडते, म्हणून खरखर. आता रुंदी तीच ठेवा, पण टाके कुठे दाट घाला, कुठे विरळ. हे एफएम. आवाज सगळा त्या दाटीत."

काकूंनी दोन्ही ओळी घातल्या, दुसरीच्या कडा कात्रीने छाटल्या आणि चष्म्यावरून पाहिलं. "कडा गेल्या तरी दाट कुठं नि विरळ कुठं ते कळतंय की."

"रेडिओ तेच करतो. वरचा बिघाड छाटून टाकतो. पण एफएम दूर जात नाही. जुन्या खोक्यावर परगावचं केंद्र लागतं, याच्यावर आसपासचंच."

"बरं, पण गाणं थांबवून बोलतात ते?" मास्तरांनी ठेवणीतलं काढलं.

"एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली तर जुन्या खोक्यात दोघं एकदम भांडतात, वर शिट्टीही वाजते. एफएममध्ये ज्याचा जोर जास्त त्याचंच ऐकू येतं, दुसरा पार नाहीसा होतो. गाण्याचं केंद्र लांब, बाबांचं यंत्र इथं जवळ."

"म्हणजे एफएम आपल्या मास्तरांसारखंच," काकू म्हणाल्या. "जो जवळ बसून बोलेल त्याचंच खरं."

"पुरावा आण, मग बोल," मास्तर म्हणाले.

पुढच्या सभेला काकू मास्तरांना खेटून बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत सूनबाईने दिलेला फोन आणि त्याला जोडलेली एक डबी. गाडीत फोनवरची गाणी रेडिओवर वाजवायला लोक वापरतात तसली, बॅटरीवर चालणारी. शेजारी सूनबाई जुनं खोकं घेऊन बसली होती.

बाबांनी हात वर केला. गाणी थांबली. खोकं मात्र बाजारभाव सांगत राहिलं.

"ते यंत्र अशुद्ध आहे," रेडिओंतून आवाज आला. "तिसऱ्या रांगेतल्या भक्ता, गोळ्या सोड—"

काकूंनी पिशवीतल्या फोनवर बोट दाबलं. मास्तरांच्या रेडिओतली देववाणी मधेच गडप झाली आणि तितक्याच स्वच्छ, बिनखरखरीच्या, पण काकूंच्या आवाजात रेडिओ म्हणाला, "अहो, गोळी घेतलीत का?"

मास्तर दचकून बायकोकडे वळले. ती ओठ मिटून बसली होती.

"बाबा तोंड मिटून बोलले याचं काय घेऊन बसलात," पलीकडचा न्हावी ओरडला. "काकू तोंड मिटून बसल्यात, चमत्कार तो."

सभागृह हसत सुटलं. तेवढ्यात सूनबाई उभी राहिली. "ज्यांना त्रैलोक्य बघायचंय त्यांनी रेडिओ घेऊन माझ्याबरोबर चला."

अर्धी सभा रस्त्याने निघाली. दुकानासमोर बाबांचा आवाज होता. वळणावर तो चाचरला. न्हाव्याच्या दुकानापाशी सगळ्या रेडिओंत पुन्हा गाणं वाजू लागलं. बाबांचं त्रैलोक्य तिथेच संपलं.

लोक परत आले तेव्हा बाबा मागच्या दाराने लहरीत विलीन झाले होते. पडद्यामागे एक पेटी, तारेची एरियल आणि माइक हातात धरलेला गोडबोल्या स्वयंसेवक तेवढे सापडले.

चमत्कार दिसला की हात जोडायला कोणाची ना नाही. पण आधी चार पावलं लांब जाऊन पाहावं, तिथूनही तो दिसतो का. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कोणाच्या हात वर करण्याने सोडू नये, कारण गाणं पुन्हा सुरू होतं, बंद पडलेलं हृदय होईलच असं नाही.

मास्तर दुकानात येऊन दोन ओळी घातलेली ती चिंधी बोटांत फिरवत बसले. काकूंना रडू आवरेना, म्हणून त्या मशीन चालवत राहिल्या. फळीवरचं खोकं खर्रर्र करत होतं.

"अगं, मशीन थांबव जरा," मास्तर म्हणाले. "तू काहीतरी म्हणालीस, खरखरीत ऐकू आलं नाही."

"मी कुठं काय म्हणाले?"

"मग म्हण की. रेडिओत म्हणालीस तेच."

काकूंनी मशीन थांबवली. "अहो, गोळी घेतलीत का?"

मास्तरांनी हात पुढे केला. "दे."